कॅन्सर कुठे जातो, आणि का?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी फोनवर सांगितलं, 'तू डॉक्टर आहेस, आरोग्यावर काहीतरी बोल, पण वीस मिनिटांत आटप, नंतर जेवण आहे.' आरोग्यावर म्हणजे मीठ कमी खा, रोज चाला, बीपीची गोळी चुकवू नका. हे तुम्हाला तुमचे डॉक्टर दर महिन्याला सांगतात आणि तुम्ही ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे. शिवाय तुम्ही समजता तशी मी डॉक्टर नाहीच. मी पॅथॉलॉजिस्ट. तीसएक वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली गाठींचे तुकडे बघण्यात गेली. पेशंटचा चेहरा क्वचित दिसायचा, काचपट्टी मात्र रोज.

म्हणून आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. तो प्रश्न मला आपल्या एका मैत्रिणीच्या मुलीनं विचारला होता. मुलींच्या रांगेत दुसऱ्या बाकावर, माझ्या शेजारी बसायची ती. नाव घेत नाही, पण तुम्हाला कळलं. मागच्या मेळाव्यात तिची खुर्ची रिकामी होती. तिच्या मुलीला विचारून, तिच्या परवानगीनंच हे सांगते आहे.

२०१२ साली तिला छातीत गाठ लागली. मला फोन करायच्या आधी चार महिने तिनं घरच्यांचं ऐकलं. घरच्यांचं म्हणणं, 'गाठीला लोखंड लावू नये, सुई टोचली की ती चवताळते आणि अंगभर पसरते.' शेवटी बायोप्सी झाली, ऑपरेशन झालं, केमो झाली, पाच वर्षं हॉर्मोनच्या गोळ्या झाल्या. ती ठणठणीत होती. २०१९ च्या पावसाळ्यात तिचा फोन आला, 'कंबर लई दुखतीया गं, रात्री झोप लागत नाही.' मी म्हणाले, 'या वयात सगळ्यांचीच दुखते. कॅल्शियम घे, जड उचलू नकोस.' तीन महिन्यांनी तिचा मणका खचला, तेव्हा एमआरआय झाला. कॅन्सर मणक्यात होता. २०२१ साली ती गेली.

दिवस झाल्यावर मी तिच्या घरी गेले होते. तिची मुलगी म्हणाली, 'मावशी, छातीतला आजार पाठीत कसा गेला? मधे सात वर्षं होता कुठं? ऑपरेशन केलं म्हणूनच पसरला ना?' मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तिला नीट उत्तर द्यायला हवं होतं. ते आज देते.

आधी सुईचं बोलू, कारण ही समजूत आजही माणसं मारते. सुईनं किंवा ऑपरेशननं एखादी पेशी रक्तात सुटत असेल का? सुटत असेल. पण कुणी हात लावला नाही तरी कॅन्सरची गाठ वाढते तसतशा तिच्या पेशी रक्तात सुटतच असतात. सुटली की रुजली, असं मात्र नसतं. इसाया फिडलर नावाचे अमेरिकेतले शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९७० च्या सुमारास उंदरांच्या रक्तात खुणेच्या कॅन्सरपेशी सोडून त्यांचा हिशोब ठेवला. चोवीस तासांनंतर हजारात एखादी जेमतेम जिवंत होती. नवी गाठ धरणाऱ्या तर त्याहून कितीतरी कमी, दहा हजारांत एकही नाही.

माणसातलाही एक दाखला आहे. काही कॅन्सरमध्ये पोटात पाणी साठतं. १९८० च्या आसपास इंग्लंडमध्ये अशा काही रुग्णांना आराम मिळावा म्हणून पोटातलं पाणी नळीवाटे मानेतल्या शिरेत सोडायचे. त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी असायच्या, म्हणजे लाखो पेशी रोज थेट रक्तात जात होत्या. काही रुग्ण त्यानंतर दोन वर्षांहून जास्त जगले. मृत्यूनंतर शरीर तपासलं, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटाबाहेर एकही नवी गाठ नव्हती. डेव्हिड टॅरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९८४ मध्ये प्रसिद्ध केलं. आता सांगा, लाखो पेशी रोज ओतूनही जे झालं नाही, ते एका सुईनं होईल? काही मोजक्या जागी, उदाहरणार्थ अंडकोशाच्या गाठीत, आम्ही डॉक्टरच सुई टाळतो, हे खरं आहे. पण छातीतल्या गाठीला सुई लावली म्हणून आयुष्य कमी झालं, असं कुठं दिसलेलं नाही. चार महिने थांबल्यानं होतं.

म्हणजे पेशी रक्तात जाणं ही काही मोठी गोष्ट नाही. मोठी गोष्ट आहे ती कुठंतरी रुजणं. आणि हे कुठंतरी म्हणजे कुठंही नव्हे.

हे पहिल्यांदा नीट मांडलं स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जननं, १८८९ मध्ये, 'लॅन्सेट' या नियतकालिकात. स्तनाच्या कॅन्सरनं दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्यानं तपासल्या. २४१ जणींच्या यकृतात गाठी होत्या. पानथरीत किती? १७. पानथरीलाही भरपूर रक्त जातं. पेशी नुसत्या प्रवाहाबरोबर वाहत जाऊन कुठंही अडकत असत्या तर एवढा फरक पडला नसता. पॅजेटनं उपमा दिली ती बी आणि जमिनीची. बी चहूकडे उडतं, पण मानवेल त्याच जमिनीत उगवतं. या सभागृहात निम्मे शेतकरी बसलेत, तुम्हाला हे काय वेगळं सांगायचं? शाळू काळ्या रानात नुसत्या ओलीवर येतो, तोच माळावर टाकला तर पाखरांचं धन.

पुढं चाळीसएक वर्षांनी जेम्स युइंग हे अमेरिकेतले नामवंत पॅथॉलॉजिस्ट म्हणाले, जमीन वगैरे काही नाही, रक्तवाहिन्यांची रचना बघा, सगळा उलगडा होतो. मोठ्या माणसाचा शब्द होता, त्यामुळे पुष्कळ वर्षं तोच चालला. तो अगदी खोटाही नव्हता. मोठ्या आतड्याचं रक्त आधी यकृतात जातं, म्हणून आतड्याचा कॅन्सर आधी यकृतात दिसतो. पाटाचं पाणी पहिल्यांदा ज्या वाफ्यात शिरतं तिथं गाळ जास्त बसतो, तसंच. पण सगळं त्यानं सुटत नव्हतं. १९८० मध्ये फिडलर आणि त्यांचे सहकारी इयान हार्ट यांनी एक सुरेख प्रयोग केला. उंदराच्या फुप्फुसाचा, अंडाशयाचा आणि मूत्रपिंडाचा बारीक तुकडा घेऊन तो भलत्याच जागी, कातडीखाली वा स्नायूत लावला, आणि मग रक्तात त्वचेच्या कॅन्सरच्या पेशी सोडल्या. फुप्फुसाच्या तुकड्यात गाठी आल्या, अंडाशयाच्याही आल्या, मूत्रपिंडाच्या तुकड्यात आल्या नाहीत. जागा बदलली तरी मातीचा गुण बदलला नव्हता.

आता खरा प्रश्न. मातीत असं असतं तरी काय?

इथं मला आपल्या शाळेच्या मागचं गुऱ्हाळ आठवतं. माघ महिन्यात चुलवाण पेटलं, काहिलीतला रस आटायला लागला की शेवटच्या तासाला वर्गात वास यायचा. शाळा सुटली की आपण कुणी पत्ता विचारत होतो का? नाकासमोर चालायचं. वास जिकडं वाढेल तिकडं पाय वळायचे, आणि आपोआप काकवीच्या भांड्याशी पोचायचो. ज्याला सर्दी झालेली असे तो मात्र घरी जायचा. वास त्याच्यापर्यंतही पोचत होता, पण तो ओळखणारं नाक बंद होतं.

शरीरात हेच चालतं. काही अवयव बारीक प्रथिनं सोडतात, त्यांना केमोकाइन म्हणतात. अवयवाजवळ ती दाट असतात, लांब गेलं की विरळ. पेशीच्या अंगावर ती ओळखणारे रिसेप्टर असतात, म्हणजे पेशीची नाकंच म्हणा. ज्या पेशीला ते नाक आहे, ती विरळाकडून दाटाकडे सरकते.

अल्बर्ट झ्लॉटनिक यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटानं २००१ मध्ये 'नेचर'मध्ये जे छापलं, ते वाचताना मी प्रयोगशाळेत एकटीच 'अरेच्चा!' म्हणाले होते. अन्या म्यूलर त्या लेखाच्या पहिल्या लेखिका. त्यांनी स्तनाच्या कॅन्सरपेशींवर कोणकोणती नाकं आहेत ते तपासलं. दोन ठळक निघाली. एकाचं नाव सीएक्ससीआर-४, दुसऱ्याचं सीसीआर-७. नावं विसरलात तरी चालेल, आम्हीही परीक्षेपुरती पाठ केली होती. मग त्यांनी उलट बाजूनं पाहिलं, या नाकांना ओळखू येणारा वास कोणत्या अवयवांत जास्त आहे? फुप्फुस, यकृत, हाडातला मगज आणि लसीका ग्रंथी, म्हणजे काखेत-मानेत असतात त्या. मूत्रपिंडात, त्वचेत तो कमी होता. ही यादी कशाची आहे? स्तनाचा कॅन्सर जिथं जिथं जातो त्या जागांची. पॅजेटच्या कोड्याचा मोठा तुकडा ११२ वर्षांनी जागेवर बसला. त्यांनी उंदरांना पहिलं नाक बंद करणारं प्रतिद्रव्य दिलं, तेव्हा फुप्फुसात आणि ग्रंथीत कॅन्सर बराच कमी पोचला. सर्दी झालेला मुलगा गुऱ्हाळावर जात नाही, तसं.

मघाशी चहाच्या वेळी आपल्या विज्ञानाच्या सरांनी मला गाठून विचारलं, 'पण शरीर असा वास मुळात सोडतंच कशाला? आपल्या शत्रूला बोलावतं?' सर, तुमचा प्रश्न अजून तसाच नेमका असतो. हा वास कॅन्सरसाठी नसतोच. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींनी हाडाच्या मगजात राहावं, पांढऱ्या पेशींनी वेळेवर आपापल्या ग्रंथीत जावं, यासाठी शरीरानं ही खूण ठेवलेली आहे. गर्भात बाळाचे अवयव घडतात तेव्हाही ती लागते. कॅन्सरची पेशी काही नवीन शोध लावत नाही. पांढऱ्या पेशीचं नाक ती आपल्या तोंडावर लावून घेते, एवढंच. त्याचं एक कारणही सापडलं आहे. गाठ वाढते तशी आत दाटी होते, प्राणवायू कमी पडतो, आणि प्राणवायू कमी पडला की पेशीत हे नाक जास्त प्रमाणात तयार होतं. म्हणजे जिथं श्वास कोंडला, तिथल्या पेशी बाहेरची वाट हुंगायला लागतात.

जाता जाता एक गंमत. १९९६ मध्ये याच सीएक्ससीआर-४ ची एक वेगळीच ओळख पटली होती. एचआयव्हीचा विषाणू पेशीत शिरायला जी दारं वापरतो, त्यातलं हे एक. ते बंद करण्यासाठी एका औषधाची चाचणी चालू होती. एचआयव्हीसाठी ते फारसं उपयोगी पडलं नाही, पण घेणाऱ्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी एकदम वाढल्या. कारण मगजातल्या पेशींना घरचा वास येईना, त्या बाहेर पडल्या! ते प्लेरिक्साफोर. मल्टिपल मायलोमाच्या रुग्णांच्या मूळ पेशी गोळा करायला ते आज वापरतात, अमेरिकेत त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली. एकाच्या नापासातून दुसऱ्याचा पहिला नंबर.

आणखी एक गोष्ट थोडक्यात सांगते. लग्नाचं वऱ्हाड येण्याआधी चारदोन माणसं पुढं येऊन जागा बघून जातात ना? डेव्हिड लायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये उंदरांत दाखवलं, की मूळ गाठीतून सुटणाऱ्या रसायनांमुळे मगजातल्या काही पेशी आधीच ठरावीक अवयवात जाऊन बसतात आणि जागा मऊ करून ठेवतात. कॅन्सरच्या पेशी मागून येतात.

आता हाडाकडे येते, कारण तिच्या मुलीचा प्रश्न हाडाचा होता.

हाड आपल्याला दगडासारखं वाटतं. पण ते जुन्या वाड्यासारखं आहे, एकीकडे पडझड आणि एकीकडे डागडुजी, रोजची. मोडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. दोघींचा तोल असला की हाड टिकतं. बांधताना हाडात वाढीची रसायनं साठवून ठेवली जातात, भिंतीत पुरून ठेवलेल्या धनासारखी. त्यातलं एक टीजीएफ-बीटा.

मगजाच्या वासावर आलेली कॅन्सरची पेशी आधी पुष्कळदा काहीच करत नाही. गप्प पडून राहते. मगजातली जागा मूळ पेशींना शांत ठेवणारी आहे, तिथं हीसुद्धा झोपते. ना वाढते, ना दुखते, ना कुठल्या तपासणीत सापडते. केमोची बरीच औषधं वाढणाऱ्या पेशींना मारतात, झोपलेली त्यातून सुटू शकते. मधली सात वर्षं आजार कुठं होता, याचं उत्तर बहुधा हे. हॉर्मोनशी संबंधित स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं उलटली तरी धोका पूर्ण संपत नाही. पंधरा-वीस वर्षांनीसुद्धा तो उठलेला आहे.

एक दिवस ती जागी होते. जागी कशानं होते, यावर अनेक प्रयोगशाळांत काम चालू आहे. जागी झाल्यावर काय करते ते मात्र चांगलं कळलेलं आहे, आणि त्यात टेक्सासमधल्या ग्रेगरी मंडी यांच्या गटाचा मोठा वाटा आहे. कॅन्सरची पेशी हाड स्वतः फोडत नाही. ती पॅराथायरॉइडच्या हॉर्मोनसारखं एक प्रथिन सोडते. ते बांधणाऱ्या पेशींना लागतं आणि त्या रँक-लिगँड नावाचा संदेश बाहेर काढतात. तो संदेश मिळाला की मोडणाऱ्या पेशी कामाला लागतात. हाड विरघळतं, भिंतीतलं धन, ते टीजीएफ-बीटा, बाहेर पडतं, कॅन्सरची पेशी ते खाते आणि आणखी जोरानं पहिलं प्रथिन सोडते. की पुन्हा तेच. आमच्या पुस्तकांत याला दुष्टचक्रच म्हणतात. आपल्याच गड्यांकडून आपलाच बांध फोडून घ्यायचा आणि पाणी चोराच्या वाफ्यात! म्हणून मणका आतून पोकळ होतो आणि भाजीची पिशवी उचलायचं निमित्त होऊन खचतो.

हे चक्र कळलं म्हणून ते अडवताही आलं. झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन मोडणाऱ्या पेशींना गप्प करतं. डेनोसुमॅब तो मधला संदेशच पकडून ठेवतं, ते २०१० पासून या कामाला वापरात आहे. आपल्याकडेही ही औषधं मिळतात. त्यांनी हाडं मोडायची कमी होतात, दुखणं लांबतं. त्यांनी कॅन्सर बरा होतो, असं मी म्हणणार नाही.

आणि ते नाक बंद करण्याचं काय? उंदरांत इतकं छान जमलं, तर माणसांत पंचवीस वर्षं लागूनही स्तनाच्या कॅन्सरचा प्रसार थांबवायचं असं औषध रोजच्या उपचारात का आलं नाही? कारण तोच वास आपल्या चांगल्या पेशींनाही लागतो, तो कायम बंद ठेवणं सोपं नाही. आणि कॅन्सरच्या पेशीला नाक एकच नसतं. एक वाट अडवली तर ती दुसरी हुंगते. बऱ्याचदा रोगनिदान होण्याआधीच काही पेशी जाऊन बसलेल्या असतात, तेव्हा वाट अडवून उपयोग काय? वर्तमानपत्रात दर सहा महिन्यांनी 'कॅन्सरचा प्रसार रोखणारं औषध सापडलं' अशी बातमी येते. तुम्ही ती मला पाठवता, मी अंगठा दाखवते. तो अंगठा फक्त 'वाचलं' एवढ्याचसाठी असतो.

तर, तिच्या मुलीला मी आता सांगू शकते. ऑपरेशननं आजार पसरला नाही, पोरी. तो बहुधा त्याच्या आधीच निघाला होता. हाडाच्या मगजाच्या खुणेवर गेला, तिथं झोपला आणि उशिरा उठला. तुझ्या आईनं सुई टोचून घेतली ही तिची चूक नव्हती. तुझ्या वडिलांनी ऑपरेशनला सही दिली हीपण नव्हती. ते अजून रात्री उठून बसतात, असं तू म्हणालीस. हे त्यांना वाचून दाखव.

माझी चूक होती. हाडाकडे जाणारी ही वाट मला २००१ पासून माहीत होती. मी त्यावर विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. आणि स्वतःच्या मैत्रिणीनं, जिचा स्तनाचा रिपोर्ट मी स्वतः वाचला होता, 'रात्री झोप लागत नाही' म्हटल्यावर मला ते आठवलं नाही. मला शाळेतली, खो-खोत पाटी सोडून पळणारी पोरगी ऐकू आली. तीन महिने आधी कळलं असतं तर ती वाचली असती, असं नाही. पण मणका खचायच्या आधी शेक देता आला असता, इंजेक्शन देता आलं असतं, शेवटचं वर्ष तिला अंथरुणावर काढावं लागलं नसतं.

म्हणून आता तुमच्यापैकी ज्यांना, किंवा ज्यांच्या घरात, स्तनाचा, प्रोस्टेटचा, फुप्फुसाचा, किडनीचा किंवा थायरॉइडचा कॅन्सर होऊन गेला आहे, मग दहा वर्षं का झाली असेनात, त्यांना विनंती. हे कॅन्सर हाडाकडे जास्त जातात. पाठ किंवा कंबर नव्यानं दुखायला लागली, आडवं पडूनही थांबली नाही, रात्री जास्त झाली, तर डॉक्टरांना आधी जुन्या आजाराची आठवण करून द्या. त्यांच्याकडे गर्दी असते, तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही. पायात मुंग्या आल्या, पाय लुळा वाटायला लागला, लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही, मज्जारज्जू दाबला गेला तर पाय परत येत नाहीत. आणि प्रत्येक कंबरदुखी म्हणजे कॅन्सर नव्हे, हेही ऐका. नाहीतर उद्या सगळे एमआरआयच्या रांगेत उभे राहाल आणि संयोजक मला पुन्हा बोलावणार नाहीत.

वीस मिनिटं केव्हाच झाली. स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास यायला लागला आहे, आणि मागच्या दोन रांगांची नाकं तिकडं वळलेली मला इथून दिसतायत. ज्यांनी फायली आणल्या आहेत त्यांनी जेवण झाल्यावर शिक्षकांच्या खोलीशेजारच्या लिंबाखाली या. मी संध्याकाळच्या एसटीपर्यंत तिथंच बसलेली आहे.